पाणी प्यायलेला पितळी मासा

फार फार जुन्या काळची गोष्ट. किती जुनी म्हणाल, तर डोंगर तेव्हा अजून उंच व्हायचे होते आणि नद्यांना वाटा सापडायच्या होत्या. अशा त्या काळात एका राज्यात एक गाव होतं. गावाच्या डोक्यावर एक तलाव होता, तलावातून एक पाट निघत होता आणि त्या पाटाच्या पाण्यावर सगळं गाव जगत होतं.

गावात दोन तऱ्हेची माणसं राहत. एक नदीला देव मानणारी, दुसरी डोंगराला. नदीची माणसं गळ्यात पितळी मासा घालत. डोंगराची माणसं पागोट्याला नाहीतर अंबाड्याला काळा दगड बांधत. एरवी दोघांचं छान चालायचं. एकमेकांकडे विरजण मागायला जात, एकमेकांच्या लग्नांत पोटाला तडस लागेपर्यंत जेवत. "तुमचा देव जागचा हलत नाही," असं नदीचे म्हणत. "आणि तुमचा एका जागी टिकत नाही," असं डोंगराचे म्हणत. मग दोघेही हसून आपापल्या कामाला लागत.

आता पाटाचं पाणी सगळ्यांना सारखं वाटायचं तर माप हवं. ते माप म्हणजे घटकेची वाटी. तांब्याची पातळ वाटी, तिच्या बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. पाण्याने भरलेल्या घंगाळात ती तरंगत सोडायची. भोकातून पाणी हळूहळू आत येई आणि बरोबर एका घटकेने वाटी डुबुक करून बुडे. बुडाली की काशाच्या थाळीवर एक टोला. असे दोन टोले झाले की एकाची पाळी संपली. त्याच्या शेताकडची फळी खाली, पुढच्याची वर. तिथे कुणाची ओळख चालत नसे आणि कुणाचा आरडाओरडाही चालत नसे.

ही वाटी पाहणारा माणूस राणीसरकारांच्या चाकरीतला. आपल्या गोष्टीच्या वेळी त्या जागेवर बसत होते घटकेमामा. त्यांचं खरं नाव काय होतं ते त्यांच्या बायकोलाही आठवायला वेळ लागे. सगळं गाव त्यांना घटकेमामा म्हणे, म्हणून तेही स्वतःला तेच म्हणत.

मामा होते नदीचे. माणूस सरळ, इतका सरळ की वळणावरसुद्धा सरळ चालत जाऊन दोनदा ओढ्यात पडले होते. आणि मिशा! अशा मिशा त्या राज्यात दुसऱ्या कुणाला नव्हत्या. त्यांच्याखाली काय चाललंय याचा मामांना पत्ताच नसे. जेवताना वाटीतली आमटी संपली की उरली, हे त्यांना मामीला विचारावं लागे.

मामांच्या गळ्यात अर्थातच मासा. या माशाची एक रीत होती. दरसाल नदीच्या जत्रेत तांबटाकडे जायचं आणि आपल्या माशाला एक नवा पितळी खवला जडवून घ्यायचा. एक वर्ष नदीमायने सांभाळलं, त्याचा तो खवला. मामा विशीत कामाला लागले तेव्हा त्यांचा मासा करंगळीएवढा होता. आता मामा पन्नाशीला टेकले होते आणि मासा चांगला वीतभर झाला होता. त्याच्या वजनाने गळ्यातला सुती गोफ दरसाल थोडा ताणला जाई. मासा आधी छातीवर होता, मग बरगडीवर आला, आता पोटाशी पोहत होता.

मामांना त्याचा अभिमान होता. याच माशावर हात ठेवून त्यांनी राणीसरकारांसमोर शपथ घेतली होती, "कुणाचा एक थेंब इकडचा तिकडे होऊ देणार नाही."

आणि ती शपथ ते पाळत होते. पाळण्याची त्यांची तऱ्हाही न्यारी. नदीच्या माणसाची पाळी असली की मामा मागे टेकून बसत आणि लांबूनच वाटीकडे लक्ष ठेवत. "आपलीच माणसं. थोडं पुढेमागे झालं तरी समजून घेतील," असं ते मनाशी म्हणत. पण डोंगराच्या माणसाची पाळी आली की मामा सावरून बसत. "यांचा एक थेंब चुकला तर नदीमायला तोंड कसं दाखवू?" म्हणून ते घंगाळावर पार ओणवे होत, नाक वाटीला टेकेल इतके. वयाने डोळे थोडे मंदावले होते, तेव्हा तर जास्तच. घामाघूम होत, पण नजर हलू देत नसत.

पाटावरून जाणारी नदीची माणसं लांबून ते पाहत आणि कौतुकाने म्हणत, "बघा, बघा! परक्याच्या पाळीला कसा राबतोय!"

लांबूनच पाहत, कारण घंगाळाजवळ कुणी फिरकायचं नाही असा नियम होता. पावलांच्या हादऱ्याने वाटी हलू नये म्हणून तीन बाजूंनी भिंती होत्या, आणि चौथ्या बाजूला मामांची पाठ.

डोंगराच्या माणसांत एक धोंडाबाई होती. तिचा वांग्यांचा मळा होता. ती वांगी म्हणजे काय सांगावी! एका वांग्याचं भरीत आठ घरांना पुरे आणि देठावर बसून पोरं झोका घेत. धोंडाबाईच्या मळ्यात वांग्याच्या बरोबर वीस ओळी. वर्षानुवर्षं तिच्या पाळीचं पाणी विसाव्या ओळीच्या शेवटच्या रोपाशी जाई आणि तिथे टोला पडे. जणू पाण्याने आणि टोल्याने आपसात ठरवलेलं.

पण दोन वर्षांपासून काहीतरी बिघडलं. आधी पाणी एकोणिसाव्या ओळीत थांबायला लागलं. मग अठराव्या. या वर्षी सतराव्या ओळीत पाणी शिरतंय न शिरतंय तोच टोला! शेवटच्या तीन ओळी सुकून काथ्यासारख्या झाल्या. शेजारच्या डोंगराच्या माणसांची तीच कथा. कुणाच्या मिरच्या, कुणाचा पावटा, शेताचं शेवटचं टोक वाळलेलं. आणि पाटापलीकडे नदीच्या माणसांची शेतं टोकापर्यंत हिरवीगार.

एके सकाळी धोंडाबाई कमरेला पदर खोचून पाटावर आली. नियम होता म्हणून दहा हात लांब थांबली आणि तिथूनच गरजली.

"अहो मामा! तुमचा मासा माझं पाणी पितो!"

मामा ताडकन उठले. "काय म्हणालीस?"

"तीन ओळी प्यायला. तहान भागली का विचारा त्याला. नाहीतर मळाच आणून ओतते त्याच्या तोंडात!"

"धोंडाबाई, तोंड सांभाळ! तीस वर्षं बसतोय मी इथे. तुझ्या पाळीला तर मी श्वाससुद्धा जपून घेतो."

"तुम्ही श्वास जपून घ्या नाहीतर जोरात घ्या. माझ्या ओळी मोजायला या. ओळी खोटं बोलत नाहीत."

"आणि माझी वाटी खोटं बोलते?"

"वाटी बिचारी काय बोलणार? तिच्यासमोर बसलेला गळ्यात कुणाला घालून बसतो, ते सगळ्या गावाला दिसतंय."

हे बोलणं मामांच्या काळजात रुतलं. चोर म्हणाली असती तरी चाललं असतं. पण त्यांच्या माशावर तिने बोट ठेवलं होतं.

बोलणं वाऱ्यावर पसरलं. दुपारपर्यंत डोंगराची माणसं म्हणू लागली, "मासा काढा, नाहीतर मामाला काढा." तिन्हीसांजेपर्यंत नदीची माणसं म्हणू लागली, "मासा काढून तर दाखवा!" विरजण मागणं बंद झालं. दोन्हीकडचे बाप्ये पाटाच्या दोन काठांवर फावडी घेऊन बसले. पाटातले खेकडे, जे आजवर दोन्ही काठांवर खुशाल हिंडत होते, तेही म्हणे बिळाबाहेर येण्याआधी कुठला काठ आहे ते विचारू लागले.

शेवटी राणीसरकारांना निरोप गेला. त्या पालखीतून आल्या, पाटावर उतरल्या आणि आधी दोन्हीकडची फावडी गोळा करून एका झाडाला बांधून ठेवायला लावली. मग म्हणाल्या, "आता बोला."

सगळे एकदम बोलले. राणीसरकारांनी कानांवर हात ठेवले. "एकेकाने!"

नदीच्या माणसांचे म्होरके होते थोरले कारभारी. बोलण्यात वस्ताद. ते पुढे आले. "राणीसरकार, मामाचा प्रामाणिकपणा आहे तो या माशामुळे. मासा गळ्यात आहे म्हणून तो देवाला भिऊन असतो. मासा काढलात तर काय उरेल? नुसता एक मिशीवाला माणूस!"

"मासा गळ्यात आहे म्हणूनच तो माशाच्या माणसांचा!" धोंडाबाई म्हणाली. "राणीसरकार, मी एक पैज लावते. उद्या माझी पाळी आहे. मामांनी वाटी सोडावी आणि सगळ्या गावाने माझ्या ओळी मोजाव्यात. पाणी विसाव्या ओळीला पोचलं, तर मी यांच्या माशापुढे डोकं टेकेन आणि वर्षभर माझी पाळी सोडून देईन. नाही पोचलं, तर मामांनी उठावं."

वर्षभर पाळी सोडायची म्हणजे वांगी गेली, मळा गेला, चूल थंड. 

"मंजूर!" मामा म्हणाले. त्यांच्या मनात पाप नव्हतं, मग भीती कशाची?

दुसऱ्या दिवशी सगळं गाव मळ्याच्या बांधावर जमलं. मामा घंगाळापाशी एकटे. त्यांनी माशाला हात लावून नदीमायचं नाव घेतलं, वाटी सोडली आणि तीस वर्षांत कधी झाले नव्हते इतके ओणवे झाले. पापणी लवू दिली नाही. मानेला रग लागली, पाठीचा काटा ढिला झाला, तरी हलले नाहीत. 'आज एक थेंबही नाही चुकणार,' असं मनात घोकत राहिले.

वाटी बुडाली. टोला. पुन्हा सोडली, पुन्हा बुडाली. टोला.

मळ्याकडून आरोळी आली. "तेरा! तेराव्या ओळीत थांबलं!"

मामांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. ते धावत मळ्यावर गेले. पाणी तेराव्या ओळीत चमकत उभं होतं आणि पुढच्या सात ओळी तहानेल्या.  धोंडाबाईने नुसतं बोट दाखवलं.

"हिनेच बांध फोडला असणार!" नदीकडचा एक जण ओरडला.

"फोडला असेल तर दाखव भोक!" डोंगराकडून दोघे ओरडले.

राणीसरकारांनी हात वर केला. "पुरे. उद्या सकाळी निकाल देईन. तोवर सगळे घरी."

मामा घरी आले. नेहमीसारखी वाटी त्यांच्या हातात होती, कारण मामी ती रोज दुपारी चिंचेने घासून लख्ख करत असे. त्यांनी वाटी ठेवली, मासा काढून खुंटीला लावला आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

मामीने सवयीने मासा पुसायला घेतला. "आज तर पार कल्ल्यापर्यंत भिजलाय," ती म्हणाली.

"घाम असेल."

"घाम? अहो, घामाने माशाची शेपटीच कशी भिजते रोज? मी दोन वर्षं पुसतेय. म्हटलं, हे पाटावर बसतात आणि मासा पोहायला जातो की काय!"

मामा सावकाश वळले. "रोज भिजतो?"

"नदीवाल्यांची पाळी असली की कोरडा असतो. डोंगरवाल्यांची असली की ओला."

मामांनी अंगणात पातेलं मांडलं, पाण्याने भरलं, घटकेची वाटी त्यात सोडली. मासा गळ्यात घातला आणि पाटावर होत तसेच ओणवे झाले. समोर वाटी, वाटीत हळूहळू चढणारं पाणी. सगळं ठीक दिसत होतं.

"काही नाही," ते म्हणाले.

"तुम्हाला कसं दिसेल? तुमच्या नाकाखाली मिशांचं रान आहे," मामी बाजूला बसत म्हणाली. मग तिने तोंडावर हात मारला. "अगबाई! अहो, मासा वाटीवर बसलाय!"

खरंच बसला होता. पोटाशी लोंबणारा तीस खवल्यांचा जड मासा, मामा वाकले की पुढे झोके घेई आणि शेपटीने वाटीच्या काठावर टेकून तिला अलगद खाली दाबत राही. भोकातून पाणी भराभरा आत शिरे. पूर्वी असं होत नसे, कारण पूर्वी मासा हलका होता, गोफ आखूड होता आणि डोळे चांगले होते. जितके मामा जास्त वाकत, तितका मासा जास्त टेके. जितकी ते डोंगराच्या माणसांची काळजी घेत, तितकं त्यांचं पाणी कमी होई. आणि नदीच्या माणसांच्या पाळीला ते मागे टेकून बसत, म्हणून तिथे वाटी पुरी घटका घेई.

मामा मटकन खाली बसले. "अगं, ती खरं बोलत होती. मासाच पाणी पीत होता."

तेवढ्यात थोरले कारभारी दारात उभे. त्यांनी सगळं पाहिलं, ऐकलं आणि आधी मागे वळून दार लावून घेतलं.

"कुणी पाहिलं नाही ना? मग झालं तर. मामा, गोफाला दोन गाठी मारा. मासा छातीवर येईल. उद्या आपण म्हणू, काल बांधात उंदराचं बीळ होतं, पुन्हा माप घ्या. पाणी विसाव्या ओळीला जाईल. तुमची जागा राहील, माशाची अब्रू राहील."

"आणि धोंडाबाई?"

"पैज तिने लावली. आम्ही का सांगितली होती?"

"तिचा मळा जाईल, कारभारी."

"आणि तुम्ही खरं बोललात तर नदीमायचं नाव जाईल! डोंगरवाले जन्मभर हसतील. म्हणतील, यांचा देव वाटीवर बसून पाणी चोरतो. एका बाईच्या वांग्यांसाठी देवाला गुन्हेगार करणार तुम्ही?"

कारभारी गेले. मामा कितीतरी वेळ गोफ हातात घेऊन बसले. दोन गाठी. पोरसुद्धा मारेल. त्यांनी एक गाठ मारलीही. मग मामीकडे पाहिलं. ती चिंचेचा कोळ घेऊन वाटी घासत होती, नेहमीपेक्षा जरा जोरात.

"तू काही बोलत नाहीस?"

"मी काय बोलू? उद्यापासून ही वाटी कुणासाठी घासायची, तेवढं सांगा."

मामांनी मारलेली गाठ सोडली.

दुसऱ्या दिवशी राणीसरकार आसनावर बसायच्या आतच मामा पुढे आले. मिशा थरथरत होत्या.

"राणीसरकार, धोंडाबाई खरी आहे. तिचं पाणी माझ्या माशाने प्यायलं."

नदीकडून एकच कल्लोळ उठला. कारभाऱ्यांनी कपाळाला हात लावला.

"मला ठाऊक नव्हतं," मामा म्हणाले. "पण मला ठाऊक नव्हतं म्हणून तिची वांगी ओली होत नाहीत. बघा."

त्यांनी नियम मोडून धोंडाबाईला घंगाळाजवळ बोलावलं, बाजूला उभं केलं आणि वाकून दाखवलं. धोंडाबाई वाकली, डोळे मोठे केले आणि काय झालं असेल? ती हसायला लागली. अशी हसली की अंबाड्यातला दगड सुटून घंगाळात पडला, डुबुक!

"मामा, मी आपलं टोचायला बोलले होते हो! हा तर खरंच पितोय!"

मग मामा वाटी पुन्हा पुन्हा सोडत राहिले आणि रांगच लागली. नदीचे, डोंगराचे, सगळे एकामागून एक येऊन बाजूने वाकून पाहू लागले. एक म्हातारेबुवा तर तीनदा रांगेत लागले. माशाला पाणी पिताना पाहून कुणाला राग धरता येईना. इतक्या दिवसांची फुगलेली तोंडं फसकन हसली.

हसू ओसरल्यावर डोंगराकडचा एक तगडा गडी पुढे आला. "मग ठरलं! मासा बाद. आता आमचा माणूस बसवा वाटीवर."

"तुझ्या पागोट्यावर काय आहे रे?" धोंडाबाई म्हणाली.

"दगड. आपला देव."

"आणि माझा देव आत्ता कुठे आहे?"

गड्याने घंगाळात पाहिलं. दगड तळाशी शांत बसला होता आणि पडताना त्याच्या धक्क्याने वाटीही बुडाली होती. गडी चार पावलं मागे गेला.

कारभारी अजून हटले नव्हते. "राणीसरकार, एवढंच आहे तर गोफ आखूड करू. मासा काढायचा कशाला?"

राणीसरकारांनी दंडाकडे हात नेला. त्यांच्या दंडात त्यांच्या माहेरच्या देवाचा चांदीचा ताईत होता. त्यांनी तो सोडला आणि आसनाशेजारी ठेवला. मग बोलल्या.

"कारभारी, आखूड गोफही कधीतरी ताणतोच. आणि या वेळी पाण्याने सांगितलं म्हणून कळलं. पुढच्या वेळी न टेकताही टेकला असं कुणाला वाटलं, तर ते वाटणं कोण मोजणार? घरात, जत्रेत, रस्त्यात मासा खुशाल मिरवा, दगड मिरवा, कुणी अडवलं तर मला सांगा. पण ही वाटी नदीची नाही, डोंगराची नाही, माझीही नाही. ती ज्याची पाळी असेल त्याची. घंगाळाशेजारी एक खुंटी ठोका. वाटी सोडण्याआधी जे काही अंगावर लोंबत असेल ते खुंटीवर. शेवटचा टोला पडला की पुन्हा अंगावर. आणि एक भिंत पाडा. ज्याची पाळी, त्याने बाजूला बसून पाहावं."

मामांनी हात जोडले. "माझं काय, राणीसरकार? मी उठू?"

पैज तशीच होती. सगळे धोंडाबाईकडे पाहू लागले.

"बसा मामा," ती म्हणाली. "आपल्या देवाविरुद्ध साक्ष देणारा दुसरा मला कुठे सापडणार?"

मामा मात्र तिथेच उभे राहिले. मग हळूच, लहान पोरासारखं, त्यांनी विचारलं, "पण गळा मोकळा ठेवून बसलो तर नदीमाय मला ओळखेल का?"

 उत्तर धोंडाबाईने दिलं. "अहो, तुमच्या मिशा सात गावं ओळखतात. नदीमायलाच तेवढ्या दिसायच्या नाहीत होय?"

मामांनी मासा काढला आणि खुंटीला अडकवला. पहिल्या दिवशी त्यांना फार चुकल्यासारखं झालं. मान उगाच वर येई, हात दहादा पोटाशी जाई आणि रिकामा परत येई. पण त्या दिवशी धोंडाबाईच्या पाळीला दुसरा टोला पडला, तेव्हा पाणी विसाव्या ओळीच्या शेवटच्या रोपाच्या मुळाशी होतं. मामांनी खुंटीकडे पाहिलं. मासा उन्हात लखलखत होता. त्यांना वाटलं, इतका कोरडा आणि इतका खूश तो बऱ्याच दिवसांत दिसला नव्हता.

त्या हंगामात मामांनी आपल्या शेताची पाळी डोंगराच्या सुकलेल्या टोकांना आळीपाळीने देऊन टाकली. त्यांचे दुधी वाळले आणि मामी आठ दिवस त्यांच्याशी फक्त भांड्यांच्या आवाजात बोलली. पण विरजण पुन्हा पाट ओलांडू लागलं, आणि खेकडेही काठ न विचारता हिंडू लागले.

मामांनंतर त्या जागेवर डोंगराचा एक जण आला. तो दगड खुंटीला बांधून बसे. त्याच्यानंतर जो आला तो कुठलाच देव न मानणारा. तो म्हणाला, "माझ्याजवळ लोंबण्यासारखं काही नाही." पण त्याची दाढी गुडघ्यापर्यंत होती, आणि पाळी होती तिखट जिभेच्या एका मिरचीवालीची. तिने दाढी गोळा करून खुंटीला गुंडाळली तेव्हा कुठे त्याला वाटी सोडू दिली. सांगतात की त्या गावच्या शेतांची टोकं तेव्हापासून आजतागायत कधी सुकली नाहीत.

म्हणून लहानांनो आणि मोठ्यांनो, ध्यानात ठेवा: सगळ्यांचं माप ज्याच्या हाती, त्याने आपला देव मनात घट्ट धरावा, पण मापावर टेकू देऊ नये.